गोविंदरावांचा शेंदूर

गोविंदराव सुभेदारांनी आमच्या घरात पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा नमस्कार आम्हाला नाही, दाराच्या चौकटीला केला. म्हणजे खिशातून लोखंडी गुण्या काढला, चौकटीच्या कोपऱ्यात टेकवला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "दोन सूत बाहेर आहे."

बँकेतल्या बदलीमुळे सांगलीहून आम्हाला जबलपूरला येऊन जेमतेम सहा तास झाले होते. चेरीतालमधलं भाड्याचं घर, अर्धं सामान पोत्यात, बायको गॅसचा लायटर शोधतेय, आणि हा सत्तरी ओलांडलेला, बारीक चणीचा, खाकी हाफशर्टातला गृहस्थ आमच्या दाराची नाडी बघतोय.

"कोण बाहेर आहे?" मी विचारलं.

"चौकट, जी. काटकोनात नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी सुभेदार. बाजूच्याच घरात राहून राहिलो."

राहून राहिलो! मला वाटलं, माणूस राहून राहून कंटाळला असावा. पुढे कळलं की इकडे सगळेच जेवून राहतात, झोपून राहतात आणि रागावूनही राहतात. सांगलीच्या कानाला त्याची सवय व्हायला सहा महिने लागले. आता माझी बायको, अनघा, फोनवर आईला सांगते, "भाजी चिरून राहिले," आणि पलीकडून आई विचारते, "बरी आहेस ना गं?"

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. गोविंदरावांनी सारी हयात कारखान्यात घालवली होती, फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. कारखाना सुटला, गुण्या सुटला नाही. दुसऱ्याच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो आधी सरळ करत, मग खुर्चीवर बसत. खुर्ची डुगडुगली तर उठून पायाखाली कागदाची घडी सारत आणि मगच "काय म्हणता?" असं विचारत. जिलबी खात नसत. इथली खव्याची जिलबी खाण्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात, पण यांचं म्हणणं, "सुरुवात कुठं, शेवट कुठं, काही पत्ता लागत नाही. बर्फी द्या. तिला चार कोपरे तर आहेत."

एका लग्नात तर त्यांनी कमालच केली. मंगलाष्टकं चालली होती, भटजींचा सूर टिपेला पोचला होता, आणि हे पहिल्या रांगेतून उठून थेट बोहल्यावर गेले. सगळ्यांना वाटलं, नवऱ्या मुलाच्या मामांना काही महत्त्वाचं सांगायचं असेल. यांनी अंतरपाटाचं एक टोक धरलं, दोन बोटं वर घेतलं, मागे सरून पाहिलं आणि समाधानानं जागेवर येऊन बसले. अनघानं त्या दिवशी त्यांचं नाव 'गुण्यागोविंद' ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. पण लोक फक्त गोविंदानं राहतात, गुण्याचं कोणी पाहत नाही."

अशा माणसाशी कुसुमकाकूंनी सेहेचाळीस वर्षं संसार केला. पोळी गोल आली नाही की हे ताटातच तिला वळवून वळवून बघत. काकू म्हणत, "खा मुकाट्यानं. पोटात गेल्यावर तिला कोण मोजून राहिलं?"

त्याच काकू मागच्या होळीच्या सुमारास घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि नागपूरची मुलगी, मेधा, त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. वॉकर धरून त्या चालायला लागल्या, पण परत यायचं नाव निघेना. सुभेदारांचं घर जुनं, तीन पिढ्यांनी तीन वेळा वाढवलेलं. झोपायची खोली एका उंचीवर, मधली दोन इंच खाली, स्वयंपाकघर पुन्हा वर. मेधानं बापाला स्पष्ट सांगितलं, "बाबा, दिवाळीला आईला चार दिवस घेऊन येते. तिला तिथं जमलं तर ठीक. नाही जमलं तर घराला कुलूप लावायचं आणि तुम्हीही इकडं यायचं."

गोविंदरावांनी "अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरी मशीन आणलं.

तिलवाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेली लाकडाची वखार आहे. नर्मदेवरून परत येताना त्यांना तिथं चिंचेखाली गवतातून एक बिडाचा कोपरा दिसला. रंध्याचं मशीन होतं ते. म्हणजे हातानं रंधा मारायच्या ऐवजी फळी टेबलावरून सरकवायची आणि टेबलाच्या मध्ये गरगर फिरणारी पाती ती तासून काढतात. वखारवाल्यानं त्या टेबलाच्या एका टोकावर कित्येक वर्षं लोखंडी गर्डर रचून ठेवले होते. टेबल त्या टोकाला वाकलं होतं. वखारवाला म्हणाला, "ले जाओ अंकल, जगह खाली होगी."

ते टेम्पोतून उतरवायला आठ जण लागले. त्या आठात मी होतो, आणि माझी कंबर अजून त्याची आठवण काढते. मशीन मागच्या पडवीत बसलं. गोविंदरावांनी त्याच्यावर एक सरळपट्टी उभी धरली, खाली वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. "बघा. उजेड दिसून राहिला."

पट्टी आणि टेबल यांच्यामधून उजेडाची एक रेघ दिसत होती. सगळं जग उजेडाच्या शोधात असतं, या माणसाला तेवढा तो नको होता.

"फार नाही वाटत," मी धीर द्यायला म्हणालो.

"फार नाही? अहो कुलकर्णीजी, टेबलात जो झोल असतो ना, तोच्या तो प्रत्येक फळीत उतरतो. शंभर फळ्या काढा, शंभरही तितक्याच वाकड्या. आणि दोष फळीला लावतात."

मग सुरू झाली खरवड. त्यांच्याकडे कारखान्याच्या उमेदवारीत स्वतः हातानं सपाट केलेली लोखंडी पाटी होती, एका फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. पाटीत काडीचा दोष नाही. काकू तिला 'सवत' म्हणत. या पाटीला तेलात कालवलेला शेंदूर पातळसा लावायचा, ती वाकड्या टेबलावर फिरवायची. टेबलाचा जो भाग उंच असेल तिथं लाल ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका हातातल्या धारदार पट्टीनं खरवडायचा. पुसायचं. पुन्हा शेंदूर, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवड. असं हजारदा केलं की ठिपके सगळीकडे सारखे उमटतात, म्हणजे टेबल सपाट झालं. एका वेळी निघणारा लोखंडाचा भुगा चिमटीतसुद्धा सापडत नाही.

सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी तीन ते सहा, खर्र खर्र आवाज यायचा. अनघाला सुरुवातीला त्या आवाजाचा राग नव्हता, माणसाचा होता. "बायको तिकडं पडलीय," ती म्हणायची, "आणि हा माणूस इकडं लोखंड खाजवत बसलाय! दोनदा नागपूरला गेला असता तर बिघडलं असतं का?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले, गोविंदराव मशीनपासून हलले नाहीत. जेवणात खिचडी, आणि बोटांना कायमचा शेंदूर.

त्या शेंदरानंच घोटाळा केला.

आपण मराठी माणसं. आपल्या बायका कुंकू लावतात आणि शेंदूर मारुतीला असतो. गोविंदरावांचा जन्म जबलपूरचा, हिंदी अस्खलित, पण हे कोष्टक डोक्यातलं काही बदललेलं नव्हतं. घरचा शेंदूर संपला तेव्हा त्यांनी सरळ त्या शब्दाचं हिंदी केलं आणि कोपऱ्यावरच्या चौरसियाजींच्या दुकानात जाऊन म्हणाले, "भैया, सिंदूर देना."

चौरसियाजी जरा चपापले. हिंदीत सिंदूर म्हणजे सौभाग्याचा, भांगातला. काकू तर सहा महिन्यांपासून गावात नाहीत. "कौन सा दूँ, अंकल?"

"नारंगी वाला. असली. तेल में अच्छे से मिल जाए ऐसा."

नारंगी म्हणजे तर खास लग्नातला. चौरसियाजींनी पुडी दिली. चार दिवसांनी हे पुन्हा हजर. मग पुन्हा. चौथ्या खेपेला चौरसियाजींना राहवलं नाही. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "अंकल, बुरा न मानें तो… किसके लिए ले जाते हैं?"

मशीन हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहे, हे आपण लक्षात ठेवावं. गोविंदराव मनमोकळेपणानं म्हणाले, "अरे, घर में एक आ गई है ना! पुरानी है, थोड़ी टेढ़ी है. रोज़ लगाता हूँ. धीरे-धीरे सीधी हो रही है."

हे सगळं चौरसियाजींनी मला नंतर सांगितलं, कान पकडून. पण तोवर संध्याकाळपर्यंत चेरीताल, दुसऱ्या दिवशी राइट टाउन आणि आठवड्याच्या आत नागपूर, असा बातमीचा प्रवास झाला होता. सुभेदारांनी घरात कुणालातरी आणलंय. वयस्कर आहे. स्वभावानं वाकडी आहे. रोज तिच्या भांगात सिंदूर भरतात. आमच्या समोरच्या दीदी दोनदा साखर मागायला आल्या आणि दोन्ही वेळा आमच्या गच्चीवरून सुभेदारांच्या पडवीत डोकावून गेल्या.

रविवारी दुपारी माझा फोन वाजला. कुसुमकाकू.

"कुलकर्णीजी, काहून हो, आमच्याकडं लग्न निघालं म्हणतात? आणि मला पत्रिका नाही?"

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. मशीन, टेबल, शेंदूर, चौरसिया. पलीकडे काकू हसायला लागल्या. हसून हसून त्यांना ठसका लागला, मेधानं पाणी आणून दिलं तेही मला ऐकू आलं. "अरे बाप्पा! म्हणजे सवतीलाच शेंदूर! मी इतकी वर्षं म्हणून राहिले, कोणी ऐकलं नाही."

मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "जेवतात का हो वेळेवर?"

"खिचडी करतात."

"खिचडीच येते त्यांना." पुढे म्हणाल्या, "मला यायचं आहे हो घरी. मेधा खूप करते, जावई चांगले आहेत. पण सकाळी डोळा उघडला की मी छत पाहते आणि ते आपलं नसतं. फक्त भीती बसली आहे. त्या घरात पाय टाकायचा म्हटलं की पाय कापून राहतो. त्यांना सांगू नका. तुम्ही एकदा पाहा फक्त, ते करून काय राहिले आहेत."

मी लगेच उठलो आणि पडवीत गेलो. खर्र खर्र बंद होतं. मशीन सुरू होतं. गोविंदराव टेबलावरून एक सागवानी फळी सरकवत होते, आणि फळीच्या कडेवरून बारीक, कागदासारख्या पातळ ढलप्या उडून खाली पडत होत्या. भिंतीला अशा चाळीस-पन्नास फळ्या उभ्या होत्या. त्यांनी मशीन थांबवलं. दोन फळ्या कडेला कड लावून माझ्यासमोर धरल्या.

"उजेड दिसतो?"

दिसत नव्हता. दोन फळ्या आहेत हे मला बोट फिरवूनही कळलं नाही.

"कशासाठी आहे हे सगळं?" मी विचारलं.

त्यांनी मला आत नेलं. झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जमिनीवर खडूच्या रेघा होत्या. मधली खोली लाकडानं भरून वर आणायची, सगळं घर एका पातळीवर. कुठं पायरी नाही, उंबरा नाही, फट नाही. वॉकरची पुढची चाकं जेमतेम बोटभर रुंद असतात, ती जराशा फटीलाही अडतात, हे त्यांनी नागपूरला फोन करून मेधाकडून मोजून घेतलं होतं.

"ठेकेदाराला बोलावलं होतं," ते म्हणाले. "तो म्हणे, फरशी टाक देता हूँ, उन्नीस-बीस तो चलता है, अंकल. मी म्हटलं, बाबा रे, जा तू. एका चालू वखारीतून फळ्या तासून आणल्या, तर दर दोन फळ्यांत नखभर फट. त्यांच्या टेबलातच झोल. मग म्हटलं, आपलंच मशीन पायजे."

"पण एवढं करण्यापेक्षा एखाद्या वेळी काकूंना जाऊन भेटला असता तर…" माझ्या तोंडून अनघाच बोलली.

मधल्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये, दाराच्या तळाशी, एक रिकामी खाच होती. तिथं काहीतरी होतं ते उपटून काढलेलं दिसत होतं. त्या खाचेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथं उंबरा होता. आजोबांच्या वेळचा. पाय पडून पडून मधे दबला होता, खोलगट झाला होता. मला बघवत नव्हतं. दर वेळी जाता-येता डोळ्यात खुपायचा. ती म्हणायची, राहू द्या, मला काही त्रास नाही. मी ऐकलं नाही. होळीच्या आधी नवा बसवला. सागवानी. लेव्हल लावून, गुण्या लावून. एक नंबर काम झालं होतं. मधे जुन्यापेक्षा पाऊण इंच वर होता, इतकंच."

मला पुढचं कळलं, पण ते बोलत राहिले.

"तिच्या पायाला जुना ठाऊक होता, जी. सेहेचाळीस वर्षांची सवय. ती खाली बघून थोडीच चालणार? तिसऱ्या दिवशी दुधाचं पातेलं घेऊन आली आणि…" त्यांनी शर्टाला चिकटलेली एक ढलपी काढून बोटांत चुरली. "आणि ती पडली तेव्हा मी काय केलं, माहीत आहे? आधी उंबरा पाहिला. हलला तर नाही ना म्हणून. मग तिला पाहिलं. तिनं मला उंबरा पाहताना पाहिलं, कुलकर्णीजी. आजपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाही. आता कोणत्या तोंडानं नागपूरला जाऊ?"

हा माणूस मला दोन वर्षं गंमत म्हणून माहीत होता. त्याच्या गोष्टी मी बँकेत रंगवून सांगत होतो आणि लोक हसत होते. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "मी रोज संध्याकाळी येतो. फळ्या धरायला कुणी लागेल ना?"

"तुमचा हात सरळ नाही," ते म्हणाले. "पण या."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फळ्या बसून झाल्या. खिळा कुठं वर नाही, सांधा कुठं दिसत नाही. अनघा अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा चालली आणि आपल्या घरी जाऊन चकल्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेधाची गाडी आली. काकू उतरल्या, वॉकर धरला, आणि मधल्या खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या. मेधा एका बाजूला हात पसरून उभी. गोविंदराव भिंतीला पाठ लावून उभे, पुढे आले नाहीत. मला वाटलं, आता ते "या ना" तरी म्हणतील. त्यांची नजर काकूंवरून हलत नव्हती.

काकूंनी खाली पाहिलं. मग वॉकर पुढे सारला. चाकं आवाज न करता गेली. एक पाऊल, दुसरं पाऊल, मधली खोली संपली, दार आलं, खाच जिथं होती ती जागा आली. तिथं काकूंनी डोळे मिटून घेतले आणि पाय टाकला. काहीच लागलं नाही. त्या स्वयंपाकघरात पोचल्या, ओट्याला हात टेकला आणि मागे न वळता म्हणाल्या, "चहाची पातेली कुठं ठेवली हो?"

मेधा चार दिवसांनी एकटीच नागपूरला परत गेली.

परवा दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांच्याकडे पेपर द्यायला गेलो. गोविंदराव पडवीत खुर्चीवर बसले होते, आतल्या दाराकडे पाठ, डोळे मिटलेले. मशीन पोत्याखाली झाकलेलं. मला वाटलं डुलकी लागली.

"झोपलात का?"

"नाही जी. ऐकून राहिलो."

मी कान दिला. आतून वॉकरच्या चाकांची बारीक घरघर येत होती. "ओट्यापाशी गेली," ते डोळे न उघडता म्हणाले. "आता डब्यांकडं. साखर घेऊन राहिली. आता येईल."

घरघर मधल्या खोलीत आली आणि एकदम थांबली.

गोविंदरावांचे डोळे उघडले. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं पांढरी पडली. ते अर्धे उठले आणि तसेच थांबले, ना उभे ना बसलेले. मागे वळून पाहायचं धाडस त्यांना होईना, हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"काही नाही हो," आतून काकूंचा आवाज आला. "पदर सुटला होता. बसा तुम्ही."

घरघर पुन्हा सुरू झाली. गोविंदराव हळूच खाली बसले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.